नव्वद दिवसांची शेड

ड्रमवरचं लेबल चकचकीत पिवळं असतं. त्यावर 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल अक्षरांत, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. खाली कचऱ्याचा प्रकार, वजन, घन की द्रव, पाठवणारा कोण, घेणारा कोण, फोन नंबर. आणि या सगळ्याच्या मध्ये एक ओळ: साठवणुकीची तारीख. रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखान्याच्या पर्यावरण विभागात काम करताना माझी नजर सगळ्यात आधी या ओळीवर जाते.

शेड दिसायला साधीच. वर पत्रे, तीन बाजूंना भिंत, समोर जाळीचं दार. खरं काम जमिनीत आहे. फरशीला रसायनाने न खाल्लं जाणारं लेपन असतं आणि ती एका कोपऱ्याकडे किंचित उतरती असते. त्या कोपऱ्यात खड्डा. ड्रम फुटला, पोतं गळलं, तर जे काही वाहील ते त्या खड्ड्यातच जमलं पाहिजे; बाहेरच्या गटारात त्याचा थेंब जाता कामा नये. कारण गटार पुढे नाल्याला आणि नाला कुंडलिका नदीला मिळतो. लाकडी पॅलेटवर ड्रम, दोन रांगांमध्ये माणूस बॅटरी घेऊन फिरू शकेल एवढी वाट. आमचे शेडवाले मामा या वाटेतून रोज सकाळी फिरतात. फुगलेलं झाकण, बुडाशी ओल, लेबलाचा उडालेला कोपरा, हे त्यांना माझ्याआधी दिसतं. "साहेब, तिसऱ्या रांगेतला घामेजलाय," ते सांगतात, आणि त्यांचं म्हणणं सहसा खरं निघतं.

आत असतं काय? ईटीपीतला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला गाळ, फिल्टर प्रेसमधून निघालेल्या केकच्या रूपात, प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या पोत्यांत; घातक कचऱ्याच्या सरकारी यादीत त्याचा क्रमांक ३५.३. डिस्टिलेशननंतर तळाला उरलेला काळा, चिकट रेसिड्यू, २०.३. रिकामे पण आतून माखलेले बॅरल, ३३.१. कारखान्याच्या संमतीपत्रात प्रत्येक प्रकार, त्याचं प्रमाण आणि तो कुठे पाठवायचा हे लिहिलेलं असतं. आम्लाचा गाळ आणि पेट घेणारा रेसिड्यू शेजारी ठेवत नाहीत. कोण कोणाच्या जवळ ठेवायचं नाही, ही या कामातली पहिली शिकवण.

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्याला हा माल आपल्या आवारात जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येतो. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा काढणाऱ्या लहान कारखान्यांना आणि आणखी काही ठरावीक परिस्थितींत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. वाचायला सोपं आहे. पण ९० दिवस मोजायचे कधीपासून? रेसिड्यूचा ड्रम एका दिवसात भरत नाही. पहिला डबा ओतला त्या दिवसापासून मोजायचं, की ड्रम भरून झाकण बसलं त्या दिवसापासून? दुसरी तारीख लिहिली की मुदत आपोआप लांबते, आणि कागद बघणाऱ्याला त्यात चूक दिसत नाही. माझं मत पक्कं आहे: पहिला डबा ओतला तीच तारीख. धोका झाकणाची वाट बघत थांबत नाही. मामांकडे त्यासाठी मार्करपेन दिलेलं आहे आणि ड्रममध्ये पहिला डबा ओतला की तारीख लिहूनच तो जागेवर लावायचा, असा आमचा रिवाज आहे.

मुदत मोडते ती बहुतेकदा पावसाळ्यात. रोह्याचा पाऊस म्हणजे काय हे इथल्याने बाहेरच्याला सांगून कळत नाही. जूनमध्ये सुरू झाला की महिनोन्‌महिने हवेतली ओल जात नाही, आणि फिल्टर प्रेसचा केक वाळवावा म्हटलं तर वाळत नाही. भरावासाठी, म्हणजे लँडफिलला जाणाऱ्या गाळात मोकळं पाणी चालत नाही. त्याची चाचणी अगदी सरळ असते: ठरावीक जाळीच्या गाळणीत नमुना ठेवायचा, पाच मिनिटांत खाली एक थेंब जरी पडला तरी तो माल भरावात जायचा नाही. त्यात नदीचा धाक वेगळा. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठणं कसं बुडवलं ते जुनी माणसं अजून सांगतात. म्हणून शेडचा जोता उंच हवा आणि पुराचं पाणी आत शिरायला वाट नको. जोत्याच्या चार इंचांसाठी बांधकामवाल्यांशी भांडलो, त्याचं मला आजही समाधान आहे.

गाडी निघते तेव्हा तिच्यासोबत कागदांची रास निघते. फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट, सात प्रतींचा. पांढरी प्रत मंडळाला, पिवळी आमच्या फाइलला, गुलाबी माल घेणाऱ्याकडे, नारिंगी गाडीवाल्याकडे, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी घेणाऱ्याकडून परत आमच्याकडे. करडी लागते ती माल दुसऱ्या राज्यात गेला तरच. ड्रायव्हरला ट्रेम कार्ड मिळतं, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं आणि कोणाला फोन करायचा हे त्यात लिहिलेलं. गाडी धाटावहून कोलाडला हायवेला लागते आणि नागोठणं, वडखळ, पेण, पनवेल करत तळोज्याच्या कचरा विल्हेवाट केंद्रावर पोहोचते. जळणारा काही माल सिमेंटच्या भट्ट्यांकडेही जातो, पण आमचा बहुतेक तळोज्यालाच. तिथे भराव आहे आणि जाळण्याची भट्टीही आहे.

मी राहतो पेणला. गणपतीच्या आधी बाजारपेठेत मूर्ती भरायला टेम्पो लागलेले असतात आणि त्याच सुमारास हायवेवरून आमची गाडी जात असते. पेणच्या रस्त्यावर उभ्या माणसाला तिच्यात काय आहे ते कळावं, म्हणून गाडीवर खूण असते. ती खूण धुऊन स्वच्छ ठेवायला मी दर वेळी सांगतो.

हे सगळे नियम आभाळातून पडलेले नाहीत. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात जे झालं, ते मुळात साठवणुकीचंच प्रकरण होतं. टाकी क्रमांक ६१० मध्ये चाळीसेक टन मिथिल आयसोसायनेट साठून होतं आणि ते थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. पुढे १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना मी आधी भोपाळ सांगतो आणि मग तारापूरचं अणुवीज केंद्र.

तारापूर का, असं ती विचारतात. कारण साठवणुकीवर देखरेख कशी करावी लागते हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसतं. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. भट्टीतून बाहेर काढलेलं वापरलेलं इंधन कचऱ्यासारखं लगेच गाडीत भरता येत नाही. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत युरेनियमच्या गोळ्या, आणि त्या भट्टी बंद झाल्यावरही तापत राहतात. बंद झाल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, मग हळूहळू उतरते. म्हणून हे इंधन वर्षानुवर्षं खोल पाण्याच्या तलावात ठेवायचं. पाणी उष्णता घेतं आणि किरणोत्सर्गही अडवतं. आमच्याकडे कायदा म्हणतो, ९० दिवसांच्या आत हलवा. तिथे आधी पुरेशी वर्षं थांबावंच लागतं.

तलावावर बघायचं काय, तर पाण्याची पातळी, तापमान, क्लोराइड, वाहकता. पाण्यात सीझियम वाढलं तर कुठली तरी नळी चिरली, असा अर्थ. तलावाच्या पोलादी अस्तरामागे गळती टिपायची सोय. इंधनाचे जुडगे चौकटींत ठरावीक अंतराने लावलेले, कारण फार जवळ आले तर साखळी प्रक्रियेचा धोका. कोण कोणाच्या जवळ ठेवायचं नाही, तोच प्रश्न. या सगळ्यावर नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं. त्याचं कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. शिवाय तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या इंधनावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचंही लक्ष असतं. कॅमेरे, सील, मोजदाद.

पण तारापूरचा खरा धडा वेगळा आहे. तलाव होता तात्पुरता. इंधन थंड झाल्यावर त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळं काढायचं, हे भारताचं धोरण, आणि तारापूरला तसा कारखानाही उभा राहिला. या भट्ट्यांचं इंधन मात्र १९६३ च्या करारानुसार अमेरिकेचं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर पुनर्प्रक्रियेला अमेरिकेची संमती मिळेना, आणि पुढे नवं इंधनही थांबलं. १९८२ मध्ये फ्रान्सने ते द्यायचं मान्य केलं. वापरलेलं इंधन तसंच साठत गेलं. भट्टीजवळची जागा अपुरी पडली, तेव्हा भट्टीपासून वेगळा तलाव बांधावा लागला आणि कोरड्या पिंपांतही साठवणूक झाली. इंजिनिअरांचं गणित बरोबर होतं. माल पुढे जायची वाट दुसऱ्या कोणाच्या हातात होती, एवढंच. तळोज्याने गाळ घेतला नाही की आमच्या शेडचीही नेमकी तीच गत होते.

असं साठलेलं इंधन किती धाक घालतं, ते जपानमध्ये दिसलं. २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमाच्या अणुअपघातावेळी चौथ्या भट्टीच्या तलावात १,५३५ जुडगे होते. भट्टीत इंधन नव्हतं, तरी जगाची झोप त्या तलावाने उडवली. तो रिकामा व्हायला डिसेंबर २०१४ उजाडलं.

म्हणून कोकणात जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाची चर्चा निघाली की मला इतर मुद्द्यांच्या आधी हे विचारायचं असतं. सहा भट्ट्या, मिळून सुमारे दहा हजार मेगावॉट, असा तो प्रस्ताव आहे. तलाव किती वर्षं पुरेल एवढा? तो भरल्यावर इंधन कुठे, कोणत्या रस्त्याने? आणि ज्याच्याकडे जायचं त्याने घ्यायचं लेखी कबूल केलंय का? आमच्यासारख्या कारखान्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशामुळे गेटबाहेर फलक लावावा लागतो. आवारात कोणतं रसायन आणि किती कचरा आहे, ते रस्त्यावरचा माणूस वाचू शकतो. धाटावच्या फलकासमोर थांबून तो वाचणारी माणसं मी पाहिली आहेत. काही आत येऊन प्रश्नही विचारतात, आणि त्यांना उत्तर देणं हा माझ्या कामाचा भाग आहे. तलावात आज किती जुडगे आहेत, सर्वांत जुना कोणत्या वर्षाचा आहे आणि जागा किती उरली आहे, एवढे तीन आकडे जैतापूर प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन गावातल्या माणसालाही गेटवर वाचायला मिळाले पाहिजेत.