दुकानातला उजेड आणि घरातला पडदा

वाण्याकडून तांदूळ घेताना चार दाणे तळहातावर घेऊन निरखणारा, त्यांतील एखादा दाताखाली धरून तो जुना की नवा याची खात्री करून घेणारा, आणि एवढे करूनही भावाची घासाघीस केल्यावाचून पिशवी पुढे न करणारा आपल्याकडील चोखंदळ गृहस्थ दसरा-दिवाळीच्या सुमारास दूरचित्रवाणी संचांच्या दुकानात शिरतो, तेव्हा त्याची ती सारी चिकित्सक वृत्ती उंबरठ्याबाहेरच राहते की काय, असा संशय येतो. भिंतभर ओळीने टांगलेले संच, प्रत्येकावर तोच निळाशार समुद्र, तीच दवाने भिजलेली स्ट्रॉबेरी, तेच रंगीत पोपट, आणि शेजारी उभा असलेला विक्रेता सांगत असतो, “साहेब, फोर-के आहे, क्यूएलईडी आहे, याच्यापुढे काही नाही.” अर्ध्या तासात पावती फाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे मोठ्या पडद्याचा मोह आवरणे तर अधिकच कठीण झाले आहे.

संचाची निवड ही वस्तुतः दुकानात करावयाची गोष्टच नव्हे. ती घरी करावी आणि दुकानात जावे ते केवळ केलेल्या निवडीची रुजुवात करण्यासाठी, असे माझे मत आहे. त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे शिंप्याची अथवा सुताराची टेप, एक कागद आणि डोळ्याविषयीचे थोडेसे ज्ञान.

प्रारंभ डोळ्यापासूनच करावा लागतो. वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला, असे जे कोनमापन आपल्या ज्योतिषग्रंथांत रूढ आहे, त्यातील एक कला एवढ्या सूक्ष्म कोनाच्या अंतरावरील दोन रेषा निकोप दृष्टीच्या मनुष्यास जेमतेम विलग दिसतात. त्या त्याहून जवळ आल्या म्हणजे एकजीव होतात. नेत्रवैद्याच्या भिंतीवरील तक्ता याच हिशेबाने आखलेला असतो: ६ मीटरवरून ज्या ओळीतील अक्षरे वाचता आली म्हणजे दृष्टी ‘सहा-सहा’ असल्याचा दाखला मिळतो, त्या ओळीतील अक्षराची उंची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर, म्हणजे पाच कलांइतकी असते आणि त्याच्या प्रत्येक रेघेची जाडी एका कलेइतकी. आता दिवाणखान्यातील सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय सदनिकेत ते पुष्कळदा आठ फुटांच्या आसपास भरते; आणि आठ फुटांवरून एक कला म्हणजे पडद्यावरील ०.७१ मिलिमीटर.

हा एक आकडा हाती आला की जाहिरातीतील निम्मी मखलाशी आपोआप गळून पडते. ज्यास फुल एचडी म्हणतात त्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० बिंदू असतात. फोर-के पडद्यावर ते दोन्हीकडे दुप्पट, म्हणजे ३,८४० आणि २,१६०. कर्णावर ४३ इंच मोजणाऱ्या पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते, तेव्हा फुल एचडीमधील एका बिंदूची रुंदी अर्धा मिलिमीटर होते. आणि हा अर्धा मिलिमीटरच आठ फुटांवरून डोळ्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असताना त्याचे आणखी दोन तुकडे केल्याने पाहणाऱ्याच्या पदरात काय पडणार? ५५ इंचांच्या पडद्यावरही फुल एचडीचा बिंदू ०.६३ मिलिमीटरचा, म्हणजे अद्याप डोळ्याच्या मर्यादेहून लहानच राहतो. ६५ इंचांवर मात्र तो ०.७५ मिलिमीटर होतो आणि तेथून पुढे फोर-केचा लाभ साध्या डोळ्यांस जाणवू लागतो. एट-के नावाचे जे प्रकरण अलीकडे दाखविले जाते, त्यातील बिंदू ६५ इंची पडद्यावर पूर्णपणे उपभोगावयाचे तर पडद्यापासून दोन फुटांवर बसावे लागेल, एवढे सांगितले म्हणजे त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तरुण डोळे कधी कधी एका कलेहूनही सूक्ष्म भेद टिपतात आणि तिरप्या रेषेवरील दातेरी कड तर सामान्य डोळ्यालाही अधिक सहज खुपते. शिवाय उत्तम दर्जाची काच, अधिक रंग आणि अधिक दीप्ती या गोष्टी कारखानदार फोर-के संचांतच घालतात, त्यामुळे ४३ इंचांपासून पुढे फोर-के संच घेणे बहुधा क्रमप्राप्तच ठरते. तो खुशाल घ्यावा. मात्र बिंदूंच्या संख्येसाठी जादा पैसे मोजतो आहोत, असे समजून घेऊ नये.

आकाराचा निर्णयही त्याच टेपने होतो. पडद्याची रुंदी दृष्टीच्या क्षेत्रात सुमारे ३० अंशांचा कोन व्यापते तेव्हा चित्र पुरेसे भरगच्च वाटते आणि मानही फिरवावी लागत नाही, असा या क्षेत्रातील तंत्रज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की सोफ्यापासूनचे अंतर इंचात मोजावे आणि त्यास १.६ ने भागावे. आठ फुटांचे ९६ इंच होतात. भागाकार येतो ६०, म्हणजे ५५ इंची संच त्या खोलीस योग्य. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळपास असावा हे ओघानेच आले. शोकेसच्या वर, देवघरातील तसबिरीच्या उंचीवर संच टांगण्याची जी चाल आपल्याकडे पडली आहे, तिचा जमाखर्च शेवटी मानेच्या नावे पडतो.

परंतु मोठा पडदा घेण्यापूर्वी त्यावर काय पाहणार, याचीही कैफियत स्वतःकडूनच लिहून घ्यावी. घरात केबलवाल्याच्या अथवा डीटीएचच्या डब्यातून येणाऱ्या साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिन्याच प्रामुख्याने पाहिल्या जात असतील, तर त्या चित्रात ५७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ७२० बिंदू असतात, गुणाकार ४,१४,७२०. फोर-के पडद्यावरील बिंदू ८२,९४,४००. भागाकार करून पाहावा: तो बरोबर २० येतो. म्हणजे पडद्यावरील दर वीस बिंदूंमागे वाहिनीने पाठविलेला बिंदू एक, आणि उरलेले एकोणीस संचातील गणकयंत्राने शेजारपाजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरलेले. हे अनुमान महागड्या संचात कौशल्याने केले जाते, स्वस्त संचात ओबडधोबडपणे. पण जे मुळात पाठविलेच नाही ते कोणताही संच उत्पन्न करू शकत नाही. कबड्डीचा सामना अशा वाहिनीवर लावला म्हणजे चढाई करणाऱ्या खेळाडूच्या अंगाभोवती जे चौकोनी ठिपक्यांचे मोहोळ उठते, ते लहान पडद्यावर खपून जाते आणि मोठ्या पडद्यावर उघडे पडते. दुकानातील समुद्र आणि पोपट हे खास फोर-केमध्येच चित्रित केलेले असतात, हे विसरता कामा नये.

आता पडद्याच्या अंतरंगाकडे वळू. दुकानातील पाट्यांवर ‘एलईडी’ असे जे लिहिलेले असते ते बहुतांश संचांच्या बाबतीत केवळ मागच्या दिव्यांना लागू आहे. चित्र घडविण्याचे काम त्या दिव्यांपुढील द्रवस्फटिकांचा थर करतो. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळविलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगांचा अभ्यास करीत असता त्यांतील एक संयुग १४५.५ अंश सेल्सियसला वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांवर एकाएकी नितळ झाले, तेव्हा या मधल्या अवस्थेचा, द्रवासारखे वाहणाऱ्या परंतु स्फटिकासारखी शिस्त पाळणाऱ्या पदार्थाचा, प्रथम शोध लागला. हा शोध कित्येक दशके प्रयोगशाळांच्या कपाटांतच पडून होता. या विद्याशाखेत भारताचाही मानाचा वाटा आहे: बेंगळुरू येथील रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर (हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे, ताऱ्यांच्या अभ्यासासाठी नोबेल मिळविणारे चंद्रशेखर ते वेगळे) आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. पुढे जपानमध्ये अशाच रेणूंची पातळ पटले करून ती द्रवस्फटिकी पडद्यांवर बसविण्यात आली, ती बाजूने पाहिल्यावर चित्र फिके पडू नये म्हणून.

पडद्यावर भिंग धरून पाहिले तर पांढऱ्याशुभ्र ढगाच्या जागी लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्यांची दाट रांग दिसते. पांढरा रंग तेथे कोठेच नसतो. फोर-के पडद्यावर अशा सुमारे अडीच कोटी पट्ट्या असतात आणि प्रत्येकीमागे एक इवलासा ट्रान्झिस्टर तेथील द्रवस्फटिकांना विजेच्या दाबाने वळवून प्रकाशास वाट देत अथवा अडवीत असतो. अडचण अशी की ही अडवणूक कधीच पूर्ण होत नाही. मागचा दिवा सतत जळत असल्यामुळे काळ्या भागातूनही थोडा प्रकाश झिरपतोच आणि रात्रीच्या प्रसंगातील काळोख राखाडी दिसतो. ज्या पडद्यांत द्रवस्फटिक काचेस समांतर राहून वळतात, ते आयपीएस. त्यांतील काळा भाग पांढऱ्या भागाच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतका उजळ राहतो. ज्यांत ते काचेशी काटकोनात उभे राहतात, ते व्हीए. त्यांत हेच प्रमाण तीन ते पाच हजारांस एक इतके सुधारते, पण बाजूने पाहिल्यास रंग उतरतात. सोफ्यावर दोघे, दिवाणावर आजी, आणि स्वयंपाकघराच्या दारातून अधूनमधून डोकावणारी आणखी कोणी, अशी ज्या घरातील बैठक असेल तेथे आयपीएस बरा. दोघेचौघे समोर बसून रात्री चित्रपट पाहत असतील तर व्हीए.

ओएलईडी पडद्यात मागचा दिवाच नसतो. १९८७ साली कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सिद्ध केलेल्या तत्त्वानुसार प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो आणि काळा दाखवावयाचा असेल तेव्हा सर्वस्वी विझतो. अंधाऱ्या खोलीत या चित्रास तोड नाही, हे निःशंकपणे सांगता येते. तथापि त्यातील सेंद्रिय द्रव्ये वापराने झिजतात; आणि ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच मराठी वृत्तवाहिनी लावलेली असते, तेथे कोपऱ्यातील बोधचिन्ह आणि तळाशी धावणारी लाल पट्टी यांचा कायमचा ठसा पडद्यावर उमटण्याची भीती असते. क्यूएलईडी हा नामसादृश्यामुळे त्याचा भाऊबंद वाटला तरी तो द्रवस्फटिकी पडदाच होय. त्यात काही नॅनोमीटर आकाराचे क्वांटम बिंदू निळ्या प्रकाशापासून शुद्ध लाल व हिरवा रंग तयार करतात. या क्वांटम बिंदूंच्या शोधास २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रंग त्याने सुधारतात. काळोख सुधारत नाही.

या काळोखाची किंमत खोलीतील उजेडावर अवलंबून असते, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. समजा, दुपारी गॅलरीतून पडद्यावर २०० लक्स प्रकाश पडत आहे आणि पडदा त्यातील शेकडा दोन भाग परत विखुरतो. तर केवळ त्या परावर्तनामुळेच पडद्याच्या काळ्या भागास दर चौरस मीटरला सुमारे १.३ कॅंडेला दीप्ती प्राप्त होते. ३०० कॅंडेला दीप्तीच्या आयपीएस पडद्याचा स्वतःचा काळा भाग ०.३ आणि ५,००० : १ गुणोत्तराच्या व्हीएचा ०.०६, दोहोंत १.३ मिळविले की प्रत्यक्ष गुणोत्तर अनुक्रमे १९० आणि २२० च्या आसपास येऊन ठेपते. पाचपटींचा गाजावाजा एका उघड्या खिडकीने जवळपास संपुष्टात आणला. म्हणून दिवसा पाहणाऱ्याने अधिक दीप्ती आणि कमी चकाकीचा पडदा पाहावा, अथवा खिडकीस जाड पडदा लावावा. दुसरा उपाय स्वस्त आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात आटोपता येतील. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात आणि १२० हर्ट्झचा पडदा प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा दाखवू शकतो, म्हणून त्यावर कॅमेरा संथ फिरतानाचे हिसके कमी जाणवतात. क्रिकेट आणि अन्य खेळांचे शौकीन नसणाऱ्यांनी मात्र केवळ तेवढ्यासाठी फार पैसे मोजू नयेत. पातळ संचात ध्वनिवर्धकास जागाच नसते, तेव्हा नाट्यसंगीत ऐकणाऱ्याने वेगळ्या साउंडबारची तजवीज अंदाजपत्रकात आधीच करावी. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलावरील तारकांबरोबरच वर्षाकाठी लागणाऱ्या युनिटांचा आकडाही वाचावा.

दुकानात गेल्यावर पोपट बंद करावयास सांगून एखादी साधी वाहिनी आणि रात्रीचा एखादा प्रसंग लावावयास सांगावे, आणि तो प्रसंग समोरून व बाजूने, आपल्या खोलीतील अंतर राखून पाहावा. संच घरी आल्यावर प्रथम चालू करताना तो ‘होम’ की ‘स्टोअर’ असा जो प्रश्न विचारतो, त्यास ‘होम’ असेच उत्तर द्यावे आणि चित्राची पद्धत ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणावी. दुकानी झगमगाटासाठी पांढरा रंग मुद्दाम निळसर ठेवलेला असतो. चित्रपट आणि कार्यक्रम मात्र ६,५०० केल्विनच्या पांढऱ्यावर बेतलेले असतात. पहिले काही दिवस चित्र पिवळट वाटेल आणि घरातील मंडळी तक्रार करतील; आठवडाभर रिमोट त्यांच्या हाती देऊ नये.