मानेतली सुई आणि नव्या साधनाची परीक्षा

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या मानेतून आत गेलेली बारीक नळी अनेक नातेवाइकांनी पाहिलेली असते. डॉक्टर तिला ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. रक्तदाब सावरणारी तीव्र औषधं हाताच्या छोट्या शिरेला सोसत नाहीत, म्हणून ती या वाटेनं दिली जातात.

नळी बसवण्याची रीत जुनी आहे. स्वीडनचे रेडिऑलॉजिस्ट सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये धमन्यांच्या तपासणीसाठी ती मांडली: आधी सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. धोका सुईच्या पहिल्या टोचणीत असतो. मानेतली शीर बाहेरून दिसत नाही. तिला खेटून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी असते आणि थोडं खाली फुफ्फुसाचं टोक. पूर्वी डॉक्टर स्नायू आणि हाडांच्या खुणांवरून अंदाज बांधत.

मग रुग्णाच्या खाटेशेजारी सोनोग्राफी यंत्र आलं. सुई जाताना शीर पडद्यावर दिसू लागली. पण दिसलं म्हणजे रुग्णाचं भलं झालंच, असं विज्ञान मानत नाही. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या ९०० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीनं दोन समान गट केले. त्यामुळे सोपे रुग्ण एकाच गटात जमण्याची शक्यता फार कमी झाली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खुणांच्या पद्धतीत १०.६ टक्के रुग्णांत सुई चुकून धमनीत गेली, सोनोग्राफीच्या गटात १.१ टक्के. फुफ्फुसाला इजा होऊन छातीत हवा साठण्याचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून शून्यावर आलं. शीर सापडायला वेळही कमी लागला.

या परीक्षेत यंत्राबरोबर हातही तपासला जातो. पडद्यावर दिसणारा ठिपका सुईचं टोक आहे की तिचा मधला भाग, हे ओळखायला सराव लागतो. म्हणून आधी पुतळ्यावर शिक्षण आणि मग जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णावर काम, हाच क्रम योग्य.

उद्या सुईला दिशा देणारं आणखी नवं साधन येईल. ते विकत घेण्यापूर्वी रुग्णालयांनी तीन गोष्टी विचाराव्यात: तुलना कशाशी केली, वापरणारे हात किती सरावलेले होते आणि रुग्णाला इजा किती कमी झाली? याची आकड्यांत उत्तरं मिळाल्याशिवाय ते साधन रुग्णाच्या मानेपर्यंत पोहोचू देऊ नये.