देशावकाशिक व्रत आणि खिशातील मोबाइल

श्रावकाच्या बारा व्रतांत देशावकाशिक हे व्रत काहीसे उपेक्षित राहिले आहे. अहिंसा आणि अपरिग्रह यांवर व्याख्याने होतात, सामायिक अनेक घरांत नित्य घडते, पर्युषणात पौषध होतो. पण ‘आज इतका वेळ या घराबाहेर, या गल्लीबाहेर कोणताही व्यवहार करणार नाही’ असा संकल्प करणारे थोडेच. दिग्व्रताने आयुष्यभरासाठी आखलेली सीमा एखाद्या दिवसापुरती किंवा प्रहरापुरती आणखी आवळून घ्यायची, एवढेच या व्रताचे स्वरूप. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्याचे पाच अतिचार सांगितले आहेत: आनयन, प्रेष्यप्रयोग, शब्दानुपात, रूपानुपात आणि पुद्गलक्षेप. सीमेबाहेरची वस्तू मागवून घेणे, सीमेबाहेर दुसऱ्याला पाठवून काम करवणे, आवाज देऊन बाहेरच्याचे लक्ष वेधणे, स्वतःचे रूप दाखवून खूण करणे आणि खडा फेकून आपण येथे आहोत हे कळवणे, असे त्यांचे अर्थ. पाचांतही व्रती स्वतः रेषा ओलांडत नाही. शरीर आत असते, व्यवहार मात्र बाहेर चाललेला असतो.

दीड हजार वर्षांहून जुन्या या सूत्रातील पाच शब्द आज वाचले, की हातातील मोबाइलची कार्यसूचीच समोर ठेवल्यासारखे वाटते. घरबसल्या मागवलेला किराणा आणि कपडे हे आनयन. दुचाकीवरून डबा पोहोचवणारा तरुण हा प्रेष्यप्रयोग. कॉल म्हणजे शब्दानुपात आणि व्हिडिओ कॉल म्हणजे रूपानुपात. राहिला पुद्गलक्षेप, तो नोटिफिकेशनच्या रूपाने दिवसभर चालू असतो. फरक आहे तो दिशेचा. शास्त्रकारांसमोर आतून बाहेर खडा टाकणारा श्रावक होता. आज खडे बाहेरून आत येतात, आणि टाकणाऱ्याने वेळ साधून टाकलेले असतात.

हे केवळ शब्दसाम्य नाही. मोबाइलच्या व्यसनाविषयी जे बोलले जाते त्यात यंत्राला दोष दिला जातो, नाहीतर मुलांना. प्रश्न खरे तर सीमेचा आहे. गेल्या तीस वर्षांत दूरसंचाराची जी प्रगती झाली, तिचा इतिहास म्हणजे एकेक सीमा पुसली जाण्याचा इतिहास होय.

दिवाणखान्यातील स्टुलावर, विणलेल्या रुमालाखाली विसावलेला काळा दूरध्वनी तारेने बांधलेला होता. त्याच्याशी बोलायचे तर त्याच्याजवळ जावे लागे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि भारतात ती तार तुटली. तरीही पैशाची सीमा शिल्लक होती. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये ते थांबले. पुढे इंटरनेट आले तेव्हा एक जीबी डेटा महिनाभर पुरवावा लागे आणि ‘पॅक संपला’ हे शब्द घराघरांत ऐकू येत. कोणी न घेतलेले, पण सर्वांकडून पाळले जाणारे ते परिमाणव्रतच होते म्हणावे! सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर इतके कोसळले, की महिन्याचे माप दिवसाचे झाले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचा प्रारंभ झाला, तेव्हा चलच्चित्र उघडण्यासाठी थांबावे लागण्याचा उरलासुरला क्षणही गेला. बॅटरी लवकर उतरे ही आणखी एक मर्यादा होती. जलद चार्जिंगने तीही संपवली.

पडद्यावरील सीमा पुसण्याचे काम अधिक विचारपूर्वक झाले. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पोथीला समाप्ती असते. संकेतस्थळालाही पूर्वी पान संपण्याची सोय होती. ‘पुढील पान’ या कळेवर बोट ठेवताना वाचकाला क्षणभर विचार करता येई, आता पुरे की आणखी थोडे. २००६ च्या सुमारास एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने पान कधीच न संपता खाली सरकत राहील अशी रचना तयार केली. हेतू वाचकाची सोय हाच होता. त्यातून लोकांचा किती वेळ गेला हे पाहून रास्किन यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि ते अशा रचनांचे टीकाकार बनले. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने पसंतीदर्शक अंगठा आणला. त्यानंतर एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची पद्धत रूढ झाली. जून २०२० मध्ये भारताने टिकटॉकवर बंदी घातली. पाठोपाठ जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. दुकानाची पाटी बदलली, माल आणि गिऱ्हाईक तेच राहिले.

या रचनांमागील मानसशास्त्र नवे नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास कबुतरांवर प्रयोग करून दाखवले होते, की बक्षिसाचा दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर कबुतर कळीवर चोच मारण्याचे सहजासहजी सोडत नाही. दाणे बंद झाल्यावरही दीर्घकाळ मारत राहते. अंगठ्याने पडदा खाली ओढून ‘काही नवे आले का’ हे पाहणारा माणूस त्याच अनिश्चिततेला बांधलेला असतो. दहांतील नऊ वेळा काही नसते. दहाव्या वेळेच्या आशेने तो अकराव्यांदा पाहतो.

वैद्यकशास्त्र या बाबतीत सावध आहे, आणि तसे असणे योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात खेळांच्या अतिरेकास विकार म्हणून स्थान आहे, पण ‘मोबाइलचे व्यसन’ असा स्वतंत्र रोग नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने मात्र २०१४ मध्येच तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी ‘शट’ नावाचे स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. प्रत्येक मोबाइलधारक रोगी नाही. झोप, अभ्यास, भोजन आणि संवाद यांचा क्रम मोडू लागला, स्वतः ठरवूनही हात थांबेना, म्हणजे मदतीची वेळ आली असे समजावे. ती घेण्यात कुटुंबाने कमीपणा मानू नये.

मोबाइलचा सरसकट धिक्कार करण्यात प्रामाणिकपणाही नाही. पादविहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या आगमनाची वार्ता आज समाजाच्या व्हॉट्सॲप समूहातूनच घरोघर पोहोचते. चौविहारासाठी सूर्यास्ताची नेमकी वेळ मोबाइलवर पाहिली जाते. २०२० च्या टाळेबंदीत स्थानके आणि मंदिरे बंद असताना अनेक घरांत प्रवचन आणि पाठशाळा याच पडद्यावरून आली. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे मोजणारी वाळूची घडी आता क्वचितच दिसते, तिची जागाही मोबाइलने घेतली आहे. येथेच खरी गंमत, किंवा खरी अडचण आहे. काळ मोजण्यासाठी आसनाजवळ ठेवलेले यंत्र त्याच काळात तीनदा उजळते. मौन धारण केलेला श्रावक हात लावत नाही, परंतु नजर जाते, आणि नजरेमागून मन जाते.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या मनाचा विचार फार बारकाईने केला आहे. भोगोपभोग परिमाण व्रताचे तेथे दोन प्रकार आहेत: यम आणि नियम. आजन्म त्याग तो यम. कालमर्यादेने केलेला त्याग तो नियम. भोजन, वाहन, शयन, स्नान, तांबूल, वस्त्र, अलंकार, संगीत अशी भोगांची यादी देऊन आज, दिवस, रात्र, पक्ष, मास, ऋतू, अयन अशी कालाची मापेही ग्रंथकार देतात. म्हणजे गृहस्थाला त्यांनी सर्वस्वी त्यागाचा हट्ट धरायला लावलेला नाही. मोजून वापरायला शिकवले आहे. मोबाइल आज व्यवसायाचा, बँकेचा आणि शाळेचा भाग झाल्यावर त्याला यम लावणे बहुतेकांना शक्य नाही, नियम मात्र लावता येतो.

त्याच ग्रंथात या व्रताचे अतिचारही आहेत. भोगलेल्या विषयांचे पुनःपुन्हा स्मरण ही अनुस्मृती. पुढे मिळणाऱ्या भोगाची तीव्र ओढ ही अतितृषा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून जेवायला बसलेल्या माणसाला, कोणाचा निरोप आला असेल, ही जी हुरहुर लागते तिला याहून नेमका शब्द आधुनिक मानसशास्त्रातही चटकन सापडणार नाही. खिशात फोन नसताना तो थरथरल्याचा भास होतो, हा अनुभव तर आता सर्वपरिचित आहे. वस्तू दूर झाली तरी तृषा दूर झालेली नसते. म्हणून पहिल्या चार दिवसांच्या बेचैनीला घाबरून संकल्प सोडू नये.

मोबाइल कंपन्यांनीही २०१८ मध्ये यावर उपाय आणला. गूगलने ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ या नावाने वापराचा हिशेब दाखवण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय दिली. हिशेब पाहणे उपयुक्त आहे; पहिल्यांदा तो आकडा पाहणारा बहुधा दचकतो. परंतु मर्यादा संपल्याची सूचना येते तेव्हा तिच्याच शेजारी, ती बाजूला सारण्याची वाटही असते. एका बोटाने घेतलेले आणि एका बोटाने मोडलेले व्रत. पच्चक्खाण घेताना गुरू किंवा संघ साक्षी असतो, आणि साक्षीदारासमोर मोडणे इतके सोपे नसते.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये नेमके हेच साक्षीचे बळ वापरले. टाळेबंदीत शिक्षणासाठी मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा पुन्हा उघडल्यावरही ते सुटेनात. लिहिण्या-वाचण्याचा कंटाळा वाढल्याचे शिक्षकांच्या ध्यानी आले. ऑगस्टमध्ये गावाने ठरवले, की रोज सायंकाळी सात वाजता भैरवनाथ मंदिरावरील भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत मोबाइल आणि दूरदर्शन संच दोन्ही बंद राहतील. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेल. आरंभी चेष्टा झाली. मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नियम केवळ मुलांना नव्हता. आईची मालिका आणि वडिलांचा फोनही बंद होत होता. ‘तू अभ्यास कर’ असे सांगून स्वतः पडद्यात डोके घालणाऱ्या पालकाचे मूल ऐकत नाही, हे ओळखण्यासाठी कोणत्याही संशोधनाची गरज नाही.

त्याच वर्षी पर्युषणकाळात मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्याच्या बेगमगंज येथे जैन समाजाने चोवीस तासांचा ‘डिजिटल उपवास’ केला. उपक्रम स्तुत्य होता. तरी वर्षातील एका दिवसाच्या उपवासापेक्षा रोजच्या दीड तासाचे मोल अधिक मानावे लागेल, कारण देशावकाशिक हे नित्याच्या सरावाचे व्रत आहे.

सराव आता लवकर हवा, कारण सीमा पुसण्याचे काम थांबलेले नाही. मनगटावरील घड्याळ निरोप दाखवते. फोन कपाटात ठेवून घड्याळ हातात ठेवणाऱ्याने खडा झेलण्याची जागाच बदललेली असते. कॅमेरा आणि ध्वनी सामावलेले चष्मे बाजारात आले आहेत. सर्वांत मोठा बदल ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यापासूनचा. आजवरचा फोन इतरांचे बोलणे पोहोचवत होता, आता तो स्वतः उत्तर देतो, मराठीतही देतो, आणि उत्तर संपवताना आणखी काही हवे का, असे बहुधा विचारतो. अंतहीन पानाच्या जागी अंतहीन संभाषण आले आहे. एकाकी वृद्ध आणि मित्र नसलेला किशोर या दोघांना ते सर्वाधिक गोड वाटेल, म्हणून कुटुंबाचे लक्षही आधी त्यांच्याकडेच हवे.

स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. ग्रंथ वाचून दाखवणे आणि प्रश्नाला उत्तर देणे ही कामे यंत्र करू लागले आहे. त्यात चुका होतात, पण त्या पाठशाळेतील जाणत्यांकडून तपासून घेता येतील. अनुप्रेक्षा म्हणजे वाचलेल्याचे मनात घोळवणे, आणि आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चाराने वारंवार घोकणे. या दोन गोष्टी दुसऱ्याने करून चालत नाहीत. भक्तामर पडद्यावर पाहून म्हणणाऱ्या मुलाला ते वर्षानुवर्षे पाठ होत नाही. हात रिकामे ठेवून आजीबरोबर रोज एकच श्लोक म्हणणाऱ्याला ते वर्षाच्या आत येते.

घरात नियम करताना फार मोठा आरंभ करू नये. सूर्यास्तानंतर दोन घडी, किंवा रात्रीच्या झोपेपासून सकाळच्या नवकारापर्यंत, घरातील सर्व फोन एका ठरावीक जागी राहावेत. शयनगृहात उठवण्यासाठी साधे गजराचे घड्याळ असावे. आजारी माणूस किंवा परगावी शिकणारे मूल असेल, तर त्यांच्यासाठी एक साधा, बटणांचा फोन घरात चालू ठेवता येतो. व्यवहाराची चिंता करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी हेही सांगायला हवे, की अशा साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ पासून उपलब्ध करून दिली आहे. संकल्प सर्वांनी एकत्र, मोठ्याने उच्चारून घ्यावा, त्याची मुदत प्रथम एका पक्षाची ठेवावी, आणि पक्ष संपल्यावर घरातील सर्वांत धाकट्या मुलाला विचारावे, की या पंधरा दिवसांत नियम कोणी कोणी मोडला.