डिकीतला वूफर गप्प का झाला?

आज आपण अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे जाणार आहोत. गाडीतलं गाणं हा काय बायकांचा विषय, असं कुणी म्हणेल. पण गाडीचा हप्ता जी भरते, तिचा गाडीतल्या प्रत्येक वायरशी संबंध असतो.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट सांगते. आमच्या गल्लीतल्या वहिनी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. कर्ज काढून त्यांनी भाड्याने द्यायला गाडी घेतली आहे. मुलगा चालवतो, हिशेब त्या ठेवतात. मुलाने हौसेने डिकीत वूफरचा बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला होता. स्टिरिओ मात्र गाडीबरोबर आलेला, कंपनीचाच. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड न्यायचं आणि नेमका वूफर बंद! बसवणाऱ्याने काही न तपासताच सांगितलं, "अ‍ॅम्प्लिफायर जळला, नवीन टाका, सात हजार." वहिनी म्हणाल्या, "सात हजार म्हणजे माझा निम्मा हप्ता गं. एकदा बघतेस का?"

मी म्हटलं, बघू. पण आधी मोजू, मग बोलू.

अ‍ॅम्प्लिफायर चालायला चार गोष्टी लागतात. पहिली, बॅटरीकडून येणारी जाड लाल वायर. दुसरी, गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली अर्थची वायर. तिसरी, 'आता जागा हो' असं सांगणारी बारीक रिमोट वायर. आणि चौथी, स्टिरिओकडून येणारं गाणं, म्हणजे सिग्नल. चारपैकी एक जरी तुटली तरी वूफर गप्प होतो. म्हणून 'जळला' हे पहिलं उत्तर नसतं, बाकी सगळं तपासून झाल्यावरचं शेवटचं उत्तर असतं.

सगळ्यात आधी फुकटातली तपासणी. स्टिरिओमध्ये आवाज पुढच्या किंवा मागच्या स्पीकरकडे वळवायची सोय असते. कंपनीच्या स्टिरिओला वूफरसाठी बहुधा वेगळी जागा नसते, म्हणून सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरींमधून घेतात. मुलाबाळांनी खेळता खेळता आवाज सगळा पुढे वळवला, की मागचे स्पीकर बंद आणि त्यांच्याबरोबर वूफरही बंद. किती जणी एवढ्यासाठी दुकानात येतात!

ते ठीक असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा बघा. दिवाच लागत नसेल तर वीज, अर्थ किंवा रिमोट यांपैकी काहीतरी पोचत नाही. लाल दिवा किंवा 'प्रोटेक्ट' दिसत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरने स्वतःला वाचवायला काम थांबवलं आहे. तेव्हा वूफरच्या वायरी काढून बघा. दिवा नीट झाला तर दोष वूफरमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

वहिनींच्या गाडीत दिवाच नव्हता. मी मल्टिमीटर काढला. अगदी साधा, स्वस्तातला मीटर पुरतो. तो डी.सी. २० व्होल्टवर ठेवायचा. लाल टोक जाड वायरच्या स्क्रूवर आणि काळं टोक अर्थच्या स्क्रूवर. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आकडा यायला हवा, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. इथे आकडा धड थांबेना, शून्याकडे पळे. मग लाल टोक तिथेच ठेवून काळं टोक डिकीतल्या उघड्या लोखंडावर टेकवलं. बारा पूर्णांक सहा! म्हणजे वीज येत होती, अर्थ तुटला होता. सीटखाली बघितलं तर अर्थचा स्क्रू रंगावरच आवळलेला. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांनी कसाबसा धरून ठेवलेला तो जोड खड्ड्यांच्या रस्त्याने सुटला होता.

अशा वेळी आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढायचं. मग रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत करायचं आणि वायरला थिंबल लावून बोल्ट घट्ट आवळायचा. अर्थची वायर आखूड हवी आणि लाल वायरइतकीच जाड. नवीन भोक पाडायचं असेल तर खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही ना, हे बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका.

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढेच आहे. निगेटिव्ह काढायला मी बॉनेट उघडलं आणि माझं लक्ष फ्यूजकडे गेलं. उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली होती. मुलगा म्हणाला, "सारखा उडत होता, म्हणून एकाने तार लावून दिली." सारखा का उडत होता? लाल वायरचा माग काढला. इंजिनकडून आत येताना ती पत्र्याच्या भोकातून जात होती आणि भोकाला रबरी बूच नव्हतं. पत्र्याची धार वायरच्या आवरणात रुतून आतलं तांबं दिसत होतं.

फ्यूज हेच तर ओरडून सांगत होता, आणि त्याचंच तोंड बांधलं होतं. गाडीच्या हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर वीज घेतो. तीनशे वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर जोरात वाजताना २५ अँपिअर किंवा जास्तही. पण लाल वायर थेट पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. वायर तापून लाल होते, आवरण पेटतं, आणि गाडीत तेव्हा वऱ्हाडातली माणसं बसलेली असतात. मला तर घाम फुटला.

म्हणून हे लिहून ठेवा. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. तो त्या वायरला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा हवा. उडाला तर कारण शोधायचं. मोठा फ्यूज किंवा तार लावायची नाही.

आता बाकीच्या तक्रारी पटकन सांगते. सकाळी बॅटरी उतरलेली असेल तर रिमोट वायर बघा. ती चावी फिरवल्यावरच वीज मिळेल अशा ठिकाणी हवी. कायम चालू लाइनवर जोडली तर अ‍ॅम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो. इंजिनचा वेग वाढेल तशी कुईं वाढत असेल तर अर्थ कच्चा आहे, किंवा सिग्नलची वायर जाड वायरीला खेटून नेली आहे. दिवा हिरवा, पण आवाज नाही? वूफरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेल त्यांच्या टोकांना क्षणभर टेकवा. 'ठप्' झालं तर वूफर बहुतेक ठीक आहे, सिग्नलचे जोड तपासा. आणि 'गेन'चं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. ते पूर्ण फिरवलं तर आवाज फाटतो आणि वूफरची कॉइल जळते.

वहिनींच्या गाडीत मी लाल वायर बदलली, रबरी बूच बसवलं, नवा फ्यूज होल्डर लावला. खर्च हजाराच्या आतच राहिला. अ‍ॅम्प्लिफायर तोच, जुना, अजून वाजतो आहे.

तर आज संध्याकाळी एवढं करा. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि बॅटरीजवळच्या जाड लाल वायरवरचा फ्यूज शोधा. फ्यूज नसेल किंवा जागी तार दिसली, तर ती वायर बॅटरीवरून काढेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. गाणं दोन दिवस नसलं तरी चालेल. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.