पंचवीस एकर, एक इंच

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पुढे पाण्याची ही गाडी, ‘जलदूत’, पन्नास वाघिणींची झाली. एका खेपेला 25 लाख लिटर. आता गंमत बघा. 25 एकरांवर 25 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम इंचभर पाऊस पडला, तर पाणी किती होतं? तेही 25 लाख लिटर! शहराबाहेरच्या मध्यम आकाराच्या एका प्लॉटिंगवर भाद्रपदातली एक चांगली सर अख्खी जलदूत रिकामी करून जाते. आणि ती नालीत लवकर कशी जाईल, याचीच आपल्याला घाई.

त्याच 25 एकरांत सोयाबीन होतं, तेव्हा हे पाणी बांधाला अडायचं, सरींत रेंगाळायचं, मग सावकाश ओढ्याला लागायचं. स्लॅब, पत्रे, सिमेंटचे रस्ते आले आणि रेंगाळणं संपलं. पाणी तेवढंच असलं, तरी निम्म्या वेळात पोचलं की नालीवर दुप्पट भार येतो. तुंबतं ते त्यामुळे.

पण सगळं खापर सिमेंटवर फोडू नये. आपली काळी जमीनही काही कमी नाही. मे महिन्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस त्यात गडप होतो. मग तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो. गणपतीच्या सुमारास मोठा पाऊस आला, तर शेतसुद्धा फारसं पाणी आत घेत नाही.

नांदेडची तऱ्हा आणखी अजब. शहराला लागून गोदावरी, जरा वरच्या अंगाला विष्णुपुरी प्रकल्प. वरून पाण्याचा लोंढा आला की प्रकल्पाचे दरवाजे उघडतात, नदी चढते. शहरातले नाले याच नदीला मिळतात. तिची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की नाल्याचं पाणी थबकतं, आणि नदीच नाल्यातून शहरात शिरू लागते. नांदेडवर ऊन पडलेलं असतानाही सखल वस्तीत पाणी चढू शकतं! अशा वेळी नाला रुंद करून काय उपयोग? तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप हवी, पंप हवेत, आणि नदी उतरेपर्यंत पावसाचं पाणी थांबेल अशी मोकळी खोलगट जागा हवी. नेमकी तीच जागा आपण मुरूम टाकून भरतो आणि बिगरशेती (एनए) करून विकतो. माझ्या मते भराव हा या सगळ्यातला सर्वांत लबाड उपाय: आपला प्लॉट कोरडा, पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यात.

मुरमाचा खरा उपयोग त्याच्या जागीच आहे, काळ्या मातीखाली. तिथवर खणलेला शोषखड्डा वरच्या चिकट थराला वळसा घालून पाणी खाली सोडतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने, हिमायतनगर तालुक्यात, घरोघर शोषखड्डे करून सांडपाण्याच्या उघड्या नाल्या बंद केल्या, डासही हटले. पावसाच्या पाण्यालाही हाच मार्ग चालतो, फक्त छतावरचा पालापाचोळा आधी गाळावा लागतो. गोदाकाठी मात्र काळी माती खोल असते, मुरूम लवकर लागत नाही. तिथे खड्ड्याऐवजी तळंच राखावं लागेल.