कार्व्हरच्या अलाबामातले शब्द

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले असते. वर्गात त्यातला भाग वाचून दाखवला, की मुलांच्या लक्षात भुईमूग आणि रताळी राहतात. एक प्रश्न मात्र अडतो. कापूस थांबवा, शेंगवर्गीय पिके घ्या, जमीन सुधारेल, हे कार्व्हर यांचे सांगणे इतके सरळ होते, तर शेतकरी ते लगेच का ऐकत नव्हते? उत्तर अलाबामा राज्याच्या इतिहासातल्या तीन-चार शब्दांत आहे. शब्दकोशातला अर्थ तिथे पुरत नाही, म्हणून ते जरा उकलून पाहू.

पहिला शब्द ‘जिन’. विदर्भ-खानदेशात तो कुणाला सांगायला नको. ‘एंजिन’चे हे तुटके रूप. शेजारच्या जॉर्जिया राज्यात १७९३ साली एली व्हिटनी याने सरकी वेगळी करणारे यंत्र बनवले. तिथल्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असे. एका माणसाचा दिवस जेमतेम अर्धा किलो रुई साफ करण्यात जाई. यंत्राने ती वीस किलोंवर गेली. श्रम वाचले, मग गुलाम कमी व्हायला हवे होते. झाले उलटेच. सरकी काढणे स्वस्त झाल्यावर कापसाखालची जमीन वाढली, आणि वेचणी तर हातानेच होती. अलाबामा १८१९ मध्ये राज्य झाले. १८२० च्या सुमारास तिथे चाळीस-पन्नास हजार गुलाम होते, १८६० मध्ये ४ लाख ३५ हजार. म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ४५ टक्के. (पुढे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हा कापूस अडला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचे भाग्य उजळले, ते आपल्याला ठाऊकच आहे.)

दुसरा शब्द ‘ब्लॅक बेल्ट’, आणि आम्हाला सर्वांत आवडलेला. कराटेशी याचा संबंध नाही! सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी या राज्याच्या मधोमध उथळ समुद्राचा किनारा होता. सूक्ष्म सागरी जीवांची चुनखडी कवचे तळाशी साठून खडूचा जाड थर बनला आणि त्यावर काळसर, सुपीक माती तयार झाली. आपली काळी माती बेसाल्टपासून झाली, ही खडूपासून. पण दोन्हींत फुगणारी चिकणमाती आहे. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, हा स्वभाव तोच. अशी जमीन मिळताच मोठे मळे इथेच उभे राहिले आणि गुलामही इथेच आणले गेले. त्यामुळे मातीच्या रंगाचे नाव हळूहळू माणसांच्या रंगाचे झाले. टस्कीगी संस्थेचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात हा अर्थबदल स्वतःच सांगितला आहे.

तिसरा ‘शेअरक्रॉपिंग’. याला आपण बटाई म्हणू शकतो, पण बटाईत सावकारीही मिसळायला हवी. १८६५ नंतर गुलामी गेली, जमीन मात्र जुन्या मालकांकडेच राहिली. मालक जमीन, बियाणे, खेचर देई, पीक निम्मे-निम्मे. घरखर्चासाठी दुकानदार उधार देई आणि तारण म्हणून शेतात उभे पीक लिहून घेई. हिशेबाची वही त्याच्याच हाती. शिवाय उधार मिळे ती कापसावरच, कारण कापूस कधीही विकता येई. आता मघाचा प्रश्न पुन्हा पाहा. कार्व्हर १८९६ मध्ये टस्कीगीला आले, तेव्हा कुळाला भुईमुगाचे फायदे पटूनही तो लावणे त्याच्या हातात नव्हते. १९१० नंतर बोंडे पोखरणारा सोंडकिडा राज्यात शिरला, तेव्हा कुठे मालक आणि सावकार दुसऱ्या पिकांकडे वळू लागले. एंटरप्राइज गावाने तर १९१९ मध्ये या किड्याचे स्मारक उभारले!

शेवटचा शब्द ‘पोल टॅक्स’. हा मत देण्याआधी भरायचा कर. १९०१ च्या राज्यघटनेने तो वर्षाला दीड डॉलर ठरवला, आणि थकबाकी साठत जाई. जोडीला वाचता-लिहिता येण्याची परीक्षा होती; पास-नापास ठरवणार नोंदणी अधिकारी. परिणाम असा, की काळ्या पट्ट्यातल्या लाउंड्स परगण्यात सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय असूनही १९६५ च्या आरंभी त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. त्या मार्चमध्ये सेल्माहून माँटगोमेरीला निघालेला मोर्चा याच परगण्यातून गेला, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला.

मुलांना एक काम देता येईल. अलाबामाचा मातीचा नकाशा आणि २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा परगणावार नकाशा शेजारी ठेवायला सांगा. दोन्हींत मधोमध तोच आडवा पट्टा दिसतो.