गोड्या पाण्याचा कमी आधार

मुळशीच्या जलाशयात जाळं टाकायला निघालेल्या होडीतही लाइफ जॅकेट हवंच, समुद्रावरच्या होडीइतकंच. समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन सुमारे १०२५ ग्रॅम, धरणाच्या पाण्याचं १०००. साठ किलोचा माणूस पूर्ण बुडाला की जवळपास साठ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे मुळशीत त्याला वर उचलणारा जोर समुद्रापेक्षा दीड किलोने कमी. तरंगणं आणि बुडणं यांत अनेकदा एवढंच अंतर असतं.

म्हणून जॅकेट घेताना त्यावरचा न्यूटनचा आकडा वाचा. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. ५० न्यूटनचं जॅकेट शुद्धीवरच्या, पोहता येणाऱ्या माणसाला मदत करतं. बेशुद्ध माणसाला उताणं करायचं तर किमान १०० हवं.

धरणाच्या पाण्यातही जीव जातात. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा यंत्रावरच्या बोटींना नोंदणी आणि तपासणी सक्तीची करतो. पण वल्ह्याच्या होडीतला जीवही तेवढाच मोलाचा. आणि जॅकेट नुसतं अडकवू नका, पट्टे आवळून बांधा. सैल जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जातं.